तिसऱ्या फेरीतली धडधड

लातूरच्या एका मैदानावर पहाटे पाचला पोलीस भरतीच्या पोरी 800 मीटरची तयारी करतात. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्यामागे एक पस्तिशीची बाईही पळते. नवऱ्याची मारहाण सोसून अखेर माहेरी आलेली. (तिला विचारूनच लिहितोय.) तिसऱ्या फेरीला ती हमखास थांबायची. मला वाटलं, दम लागला असेल. ती म्हणाली, "दम नाही वो सर. छातीत धडधडायलंय ना, तर वाटायलंय, तो पिऊन आलाय अन् कडी वाजवायलाय."

आयुष्यभर मी वर्गात जे शिकवलं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रेनालिन सोडतात आणि ठोके 70 वरून 140 वर जातात. मार चुकवायला पळा नाहीतर भरतीसाठी, ग्रंथी त्याच आणि रसायनही तेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं 1884 मध्येच मांडलं होतं की आपण घाबरतो म्हणून पळत नाही, पळतो म्हणून घाबरतो. तो जरा जास्तच बोलला, पण शरीराची खबर मेंदू सतत वाचत असतो, हे खरं.

या बाईच्या मेंदूत 'धडधड म्हणजे मार' अशी जोड पक्की झालीय. ती जपते अमिग्डाला, बदामाच्या आकाराची गाठ. पण पळताना धडधड होते आणि मार पडत नाही. असं रोज झालं की जोड सैल पडते. याला विलोपन म्हणतात. नाव फसवं आहे, कारण लोप कशाचाच होत नाही. घंटा म्हणजे अन्न हे शिकलेल्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना नुसतीच घंटा ऐकवत राहिल्यावर लाळ गळायची थांबली, तरी मधे काही काळ गेल्यावर पुन्हा गळू लागे. सातबाऱ्यावर जुन्या नोंदीला कंस होतो, ती खोडली जात नाही, तसंच हे. नवी नोंद कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या मधल्या भागात होते. तिथून निरोप अमिग्डालाच्या केंद्रकांमधल्या (म्हणजे पेशींच्या मोठ्या गटांमधल्या) छोट्या पेशीपुंजांना जातो. ते गाबा नावाचं रसायन सोडतात आणि भीतीचा इशारा बाहेर पाठवणाऱ्या मध्यवर्ती केंद्रकाचा आवाज दाबतात. ही नोंद पक्की व्हायला बीडीएनएफ हे प्रथिन लागतं, आणि पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत ते वाढलेलं दिसतं. किचकट झालं, माहीत आहे, पण मला यातच सगळी गंमत वाटते.

किल्लारीच्या भूकंपानंतर, 30 सप्टेंबर 1993 नंतर, माणसं माळवदाखाली झोपायला धजत नव्हती. त्याला कुणी बाधा म्हटलं नाही. बाई दचकायला लागली की मात्र लिंबू उतरवतात, अंगाऱ्याला नेतात. दुसऱ्या टोकाला '21 दिवसांत ट्रॉमा गायब' म्हणणारे जिमवाले रीलबहाद्दर. दोघांचा धंदा एकच.

विलोपनाला जागेचं भान असतं. मैदानावर शिकलेलं जुन्या स्वयंपाकघरात आपोआप लागू होत नाही. आणि घरात मार चालूच असेल तर ती भीती आजार नव्हे, अचूक माहिती आहे. तिथे फेऱ्या मारून काय होणार? आधी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण. मनासाठी टेलिमानस ही सरकारी फोनसेवा, 14416. समुपदेशन ही बाईही घेतेच. पळणं त्याला जोड आहे, पर्याय नाही.

सोबतीचंही शास्त्र आहे. 2006 मध्ये 16 विवाहित स्त्रियांना विजेचा झटका बसणार असं सांगून मेंदूचं चित्रण केलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ कमी झाली, पण किती, ते संसार कसा आहे यावर ठरलं. परक्याच्या हातानंही थोडा फरक पडला.

आता तिसऱ्या फेरीला भरतीची एक पोरगी तिच्या बाजूनं पळते. थांबलं की नाडी मोजायची, हे मी शिकवलंय: पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. परवा 148 आली. दोन मिनिटांनी तिनं पुन्हा बोटं टेकवली, ओठ हलवत मोजलं. 104.

"उतरायलंय वो सर," ती म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसली.