ट्रूडोसच्या जंगलातलं ग्रॅव्हल बाइकिंग (सायप्रस)

सायप्रस बेटाच्या मधल्या आणि पश्चिमेच्या ट्रूडोस डोंगररांगेत वनखात्याचे जे कच्चे, खडी-मुरमाचे रस्ते आहेत त्यांच्यावरून सायकलने केलेली भटकंती म्हणजे ट्रूडोसचं ग्रॅव्हल बाइकिंग. भूमध्य समुद्रातल्या सायकलिंगचं नाव निघालं की लोक आधी स्पेनचं मायोर्का म्हणतात, पण ते मुख्यतः गुळगुळीत डांबराचं बेट, रोड बाईकवाल्यांचं. कच्च्या रस्त्यावर दिवसभर पाइनच्या सावलीत राहायचं असेल तर सायप्रस जास्त सोयीचं, असं माझं मत. बेट मोठं नाही, 9,251 चौरस किमी, आणि सर्वात उंच जागा म्हणजे ऑलिंपस शिखर, 1,952 मीटर, स्थानिक नाव हिओनिस्ट्रा. हा ग्रीसमधला देवांचा ऑलिंपस नव्हे, तो वेगळा, गल्लत फार लोक करतात.

ग्रॅव्हल बाईक दिसायला रोड बाईकसारखीच असते, हँडल खाली वळलेलं, मेंढ्याच्या शिंगासारखं. फरक टायरमध्ये आणि गिअरमध्ये. टायर साधारण 40 ते 50 मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, आत सीलंट (पंक्चर आपोआप बुजवणारा द्रव), हवा रोड बाईकपेक्षा बरीच कमी, आणि गिअर इतके हलके की लोडेड सायकल घेऊन चढ चढता यावा. हा प्रकार अमेरिकेतल्या मिडवेस्टच्या शेतरस्त्यांवर वाढला, कॅन्ससमधली आज अनबाउंड नावाने ओळखली जाणारी रेस 2006 मध्ये सुरू झाली, मग युरोपने उचललं, आणि 2022 मध्ये इटलीत यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाची, पहिली ग्रॅव्हल वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. म्हणजे खेळ म्हणून हे सगळं अगदी अलीकडचं. सायप्रसला डर्टवर सायकल नवीन नाही मात्र, तिथे वर्षाच्या सुरुवातीला सनशाइन कप नावाच्या माउंटन बाईक रेस होत आल्यात आणि उत्तर युरोपातले रायडर घरी बर्फ असताना इकडे येऊन पाय मोकळे करतात.

रस्ते कुणासाठी बांधले

हे रस्ते सायकलवाल्यांसाठी कुणी बांधलेले नाहीत, हे आधी डोक्यात ठेवायचं, कारण बाकी सगळं त्यावरूनच समजतं. ब्रिटिशांनी 1878 मध्ये बेटाचा कारभार ऑटोमन लोकांकडून घेतला तेव्हा जंगलाची अवस्था वाईट होती. डांबर आणि राळ काढण्यासाठी झाडं खरवडलेली, सरपणासाठी तोडलेली, आणि उरलेलं शेळ्यांनी खाल्लेलं. पाहणी करायला 1879 मध्ये आलेल्यांत ए. ई. वाइल्ड हे भारतातल्या वनखात्याचे अधिकारी होते, म्हणजे आपल्याकडे जंगल राखीव करायची जी पद्धत ब्रिटिशांनी बसवली तीच नजर तिकडे गेली. त्यांच्यानंतर मादों नावाचे फ्रेंच वनाधिकारी आले. मग सरकारी जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि शेळीवाल्यांशी जो तंटा सुरू झाला तो पिढ्यानपिढ्या चालला. आपण ज्याला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी म्हणतो तेच, फक्त आपल्याकडे गावाने ठरवलं की आदर्श गाव होतं आणि तिकडे बऱ्याचदा वरून लादलं गेलं, त्यामुळे रागही तसाच राहिला.

जंगल राखायचं म्हणजे आग विझवायची, आणि आग विझवायला गाडी पोचली पाहिजे. त्यासाठी, आणि लाकूड खाली आणण्यासाठी, डोंगराच्या कुशीत हे रस्ते कोरले गेले. आगीच्या बंबाला आणि लाकडाच्या ट्रकला झेपेल असाच चढ ठेवलेला, त्यामुळे रस्ता सरळ डोक्यावर न चढता डोंगराची घडी न् घडी धरून वळत जातो. समोरचा डोंगर हाकेच्या अंतरावर दिसतो, समोरच्या रस्त्यावरचा माणूस ओळखू येईल इतका जवळ, आणि तिथे पोचायला तासभर जातो कारण मधली घळ आत जाऊन, वळसा घालून, बाहेर यावी लागते. पायी चालणाऱ्याला याचा कंटाळा येईल, सायकलला मात्र हे अगदी मापाचं आहे. जागोजागी टेकडीवर आग बघायची ठाणी आहेत, उन्हाळ्यात तिथे माणूस बसलेला असतो, आणि ठाण्यापर्यंत रस्ता जातोच, म्हणजे नजारा हवा असेल तर ठाण्याचा रस्ता धरायचा.

आगी काही इतिहासजमा नाहीत. 1974 च्या तुर्की आक्रमणाच्या वेळी विमानांनी टाकलेल्या बॉम्बने पश्चिमेकडच्या पाफोसच्या जंगलाचा मोठा भाग जळाला, नंतर उतारावर पायऱ्या खणून झाडं लावली, त्या पायऱ्या अजून दिसतात, झाडं एका वयाची आणि एका ओळीत. 2016 च्या जूनमध्ये सोलिया खोऱ्यात लागलेल्या आगीत विझवायला गेलेले वनखात्याचे दोघे मृत्युमुखी पडले.

पायाखालचा दगड

ट्रूडोस हा मुळात डोंगर नव्हताच, तो समुद्राचा तळ होता. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी समुद्राखाली तयार झालेलं कवच जमिनीच्या हालचालीत वर उचललं गेलं, आणि आज शिखराच्या आसपास जो पिवळट-हिरवा दगड दिसतो तो खरं तर त्या कवचाच्याही खालचा, पृथ्वीच्या आतल्या थराचा. याला ऑफिओलाइट म्हणतात, जगभरचे भूगर्भवाले इथे येऊन बघून जातात, आणि 2015 पासून हा भाग युनेस्कोचा जिओपार्क आहे. गंमत अशी की मुळात जे सर्वात खालचं ते सर्वात वर आहे, शिखरावरून उतरत आलं की आधी आतला थर, मग गॅब्रो हा खोलवर सावकाश थिजलेला भरड दगड, मग उभ्या पानांसारखा रचलेला डायबेज, आणि पायथ्याला समुद्रात ओतून उशीसारखा गोल झालेला लाव्हा. शाळेत जो पृथ्वीचा आडवा छेद काढायचो तो इथे ब्रेक दाबत उतरता येतो.

रायडरला याचा संबंध टायरशी. डायबेज म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचाच जातभाई, रचना बसाल्टची, फक्त जमिनीत थोडा सावकाश थिजलेला, आणि फुटला की धारदार फुटतो. टायरच्या बाजूची भिंत चिरली तर सीलंट काही कामाचं नाही, म्हणून लोक इथे 45 मिलिमीटरच्या वरचे आणि जाड भिंतीचे टायर लावतात, सोबत एक ट्यूब आणि चिरलेल्या जागी आतून लावायला तुकडा ठेवतात. सर्पेंटाइन या हिरवट दगडाचा भाग वेगळाच, गुळगुळीत आणि ओला झाला की साबण. त्यात पाइनच्या सुया वळणावर साचतात, वरून मऊ गादी आणि खाली सुटी खडी, उतारावर पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की गेलात. गाड्यांनी पडलेल्या आडव्या वळ्याही असतात, लांब उतारावर मनगटं बधिर होतात, हे चढापेक्षा जास्त छळतं असं माझ्या बघण्यात आलेले बरेच रायडर म्हणतात.

खाणींच्या खुणाही वाटेत येतात. सायप्रस आणि तांबं यांचं नातं इतकं जुनं की तांब्याचं लॅटिन नावच बेटावरून पडलं. वरच्या भागात अमियांतोसला ॲस्बेस्टॉसची प्रचंड उघडी खाण होती, ती 1988 मध्ये बंद झाली, डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला अजून तसाच आहे, त्यावर माती टाकून झाडं लावायचं काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि तिथेच आता बोटॅनिकल गार्डन आहे. दृश्य सुंदर म्हणता येत नाही पण नजर हटत नाही.

जंगल

खालच्या अंगाला, साधारण 1,200–1,400 मीटरपर्यंत, ब्रुशिया पाइन, आणि त्याच्या वर काळा पाइन, ज्याची जुनी झाडं वाऱ्याने माथा चपटा झालेली, छत्रीसारखी. मध्ये मध्ये गोल्डन ओक, हे सायप्रसशिवाय कुठेच उगवत नाही, पान वरून हिरवं आणि उलटं केलं की सोनेरी. तांबड्या, सोललेल्या सालीचं आर्बुटसचं झाडही बरंच दिसतं. सर्वात नावाजलेला सायप्रसचा सीडर मात्र पाफोसच्या जंगलात, त्रिपिलोस शिखराच्या (1,362 मीटर) आसपासच्या सीडर व्हॅलीत, लेबननच्या सीडरचा चुलत भाऊ पण सुया आखूड.

याच जंगलात मुफलॉन आहे, रानमेंढा. शिकारीमुळे 1930 च्या दशकात अगदी बोटावर मोजण्याइतके उरले होते, मग पाफोसचं जंगल राखीव झालं आणि शेळ्या बाहेर काढल्या तेव्हा सावरले. आज तो देशाचं चिन्ह आहे, सायप्रसच्या 1, 2 आणि 5 सेंटच्या नाण्यांवर आहे. मोकळा मुफलॉन दिसायचा तर पहाटे, आणि सायकलवरून शक्यता जास्त कारण आवाज नसतो, फ्रीव्हीलची कटकट मात्र बंद ठेवायची म्हणजे पायडल मारत राहायचं. नाहीतर स्टाव्ह्रोस तिस प्सोकासच्या वनठाण्यात कुंपणात ठेवलेले बघता येतात.

कुठून कुठे

पश्चिमेचा ठरलेला मार्ग किक्कोस मठापासून. हा मठ अकराव्या शतकाच्या शेवटी बायझंटाइन सम्राट अलेक्सिओस कोम्निनोसच्या काळात सुरू झाला, आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस मुलगा असताना इथे शिकायला होते, त्यांची समाधीही जवळच थ्रोनीच्या टेकडीवर. किक्कोसहून सीडर व्हॅली, त्रिपिलोसला वळसा, मग स्टाव्ह्रोस, तिथे मुक्कामाची आणि खाण्याची सोय, आणि पुढे पानायिया गाव, म्हणजे मकारिओसचं जन्मगाव. या पट्ट्यात गावं जवळजवळ नाहीतच, दुकान नाही, घळीत मोबाईलची रेंज जाते, त्यामुळे मार्गाची जीपीएस फाईल आधीच उतरवून घेतलेली बरी. पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी मिळतं, वनखात्याने पिकनिकच्या जागा केल्यात तिथे नळ असतात.

दुसरा मार्ग जुन्या पुलांचा. केलेफोस, एलिया आणि रूदियास हे तीन दगडी कमानींचे पूल, व्हेनिसच्या राजवटीतले म्हणून ओळखले जातात, आणि यांच्यावरून उंटांचे तांडे ट्रूडोसचं तांबं पाफोसच्या बंदराकडे नेत असं सांगतात. केलेफोसची एकच कमान इतकी नेटकी आहे की खाली ओढ्याच्या दगडांवर बसून डबा खाल्ल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

पूर्वेला माखैरासचा भाग, मठ आणि त्याच्या जवळची ती गुहा जिथे ब्रिटिशांविरुद्धच्या लढ्यातला ग्रिगोरिस अफ्क्सेंतियू 3 मार्च 1957 ला वेढ्यात मारला गेला. आणि मधे ऑलिंपसचा घेर. शिखराच्या अगदी टोकावर जाता येत नाही, तिथे ब्रिटिश लष्कराचा रडारचा पांढरा घुमट आहे, स्वातंत्र्य 1960 मध्ये मिळालं तरी. लिमासोलच्या समुद्रकाठाहून वर ट्रूडोसच्या चौकापर्यंत सुमारे 50 किमी आणि 1,700 मीटर चढ, दमदार लोक एका दमात करतात, बाकीचे वाटेतल्या प्लाट्रेस गावात मुक्काम टाकतात. आडवाटांवर भित्तिचित्रांची छोटी चर्च आहेत, कौलारू उतरत्या छपराची, बाहेरून गोठा वाटावा अशी, आत भिंत न् भिंत रंगवलेली, त्यातली दहा युनेस्कोच्या यादीत.

खाण्याचं फार बोलत नाही, पण गावातल्या काफेनिओत (कॉफीच्या दुकानात) खरपूस भाजलेलं हलूमी चीज, पाकात मुरवलेली फळं (चमचाभर देतात, आपला मोरंबाच) आणि द्राक्षाच्या रसात बुडवून बुडवून वाळवलेली बदामाची माळ मिळते, तिला सुत्झूकोस म्हणतात, आणि ती जर्सीच्या मागच्या खिशात बरोबर बसते, एनर्जी जेलच्या कितीतरी वरची.

मोसम आणि नियम

पावसाचं गणित आपल्या उलट. पाऊस हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च वरती बर्फ, ऑलिंपसवर स्कीइंग चालतं, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. म्हणून मार्चअखेर ते मे आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर हे खरे दिवस. उन्हाळ्यात सावली असते तरी आगीचा धोका इतका की ठरवून दिलेल्या जागा सोडून चूल पेटवायला बंदी, धूर दिसला तर 1407 वर फोन करायचा, बाकी कशालाही 112. डांबरी रस्त्यावर आलं की गाड्या डावीकडून चालतात, ब्रिटिशांची कृपा, त्यामुळे युरोपातल्या इतर पाहुण्यांची तारांबळ उडते तशी आपल्या माणसाची उडत नाही. पायवाटा चालणाऱ्यांच्या, तिथे सायकल घालायची नाही, वनरस्त्यांवर राहायचं.

शरद ऋतूत आणखी एक भानगड असते, नोव्हेंबरपासून शिकारीचा मोसम, आणि शिकारीचे दिवस बुधवार आणि रविवार. त्या दिवशी पहाटेपासून खालच्या टेकड्यांवर पिकअप गाड्या, कुत्री आणि बंदुकांचे आवाज, म्हणून जाणकार रायडर झगझगीत रंगाची जर्सी घालतात आणि शक्यतो पाफोसच्या जंगलातला मार्ग या दोन दिवसांसाठी राखून ठेवतात, कारण तिथे मुफलॉनमुळे शिकारीला बंदी आहे.