फ्रीज प्लग : गोठण्याचे नाव, गंजण्याचे भय

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस अशी नीचांकी नोंद झाली, तेव्हाही पारा शून्याच्या वरच होता. इंजिनातले पाणी गोठावे अशी थंडी येथे पडत नाही. तरीही येथल्या बहुतेक मोटारींच्या इंजिन ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडात, पातळ पत्र्याच्या, उथळ वाटीसारख्या चकत्या ठोकून बसवलेल्या असतात आणि त्यांना फ्रीज प्लग म्हणतात.

हे नाव दिशाभूल करणारे आहे. ब्लॉक ओतताना इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांसाठी साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. त्यांना आधार देण्यासाठी आणि पुढे ती वाळू काढण्यासाठी राखलेली भोके बुजवणे, हे या चकत्यांचे खरे काम. पाणी गोठल्यावर चकती बाहेर ढकलली जाऊन ब्लॉक वाचल्याचे कधी कधी घडते. पण बर्फ चकतीपासून दूर, एखाद्या अरुंद वाटेत कोंडला गेला, तर बिडाची भिंतच तडकते.

हिवाळ्यात आपल्या घरी खोबरेल तेल थिजते, पण बाटली फुटत नाही. उलट मध्ये खळगा पडतो, कारण बहुतेक पदार्थांप्रमाणे तेल घट्ट होताना आकसते. पाणी थंड होताना सुमारे ४ अंशांपर्यंतच आकसते, पुढे प्रसरू लागते आणि गोठताना तर त्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी ठरावीक अंतरावर बांधला जाऊन षटकोनी, ऐसपैस जाळी उभी राहते. त्यामुळे १ लिटर पाण्याचा सुमारे १.०९ लिटर बर्फ होतो. या वाढीला जागाच मिळाली नाही, तर उणे २२ अंशांपाशी दाब वातावरणाच्या सुमारे २००० पट होऊ शकतो. बिस्मथ, गॅलियम आणि सिलिकॉनही असेच गोठताना फुगतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते कूलंटमधले, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातले, इथिलीन ग्लायकॉल. ते एकटे उणे १३ अंशांच्या आसपास गोठते. पाण्यात निम्मे मिसळले, की मिश्रण मात्र उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, कारण परके रेणू मध्ये आल्याने बर्फाची जाळी सहज जुळत नाही.

लडाखला जाणाऱ्या गाडीसाठी हा गुण मोलाचा आहे. नागपुरात कूलंट हवे ते उकळबिंदू वाढवण्यासाठी आणि त्यातल्या गंजरोधक द्रव्यांसाठी. वर्षानुवर्षे नुसते बोअरचे पाणी भरले, तर पोलादी चकती आतून गंजत जाते, काठाशी तांबूस ओल दिसू लागते, आणि ती वेळीच कोणाच्या नजरेस पडली नाही, तर मे महिन्याच्या ४५ अंशांत, भर दुपारी वर्धा रोडवर, इंजिनातले पाणी निथळून जाते.