कथाचित्र (मराठी मासिकांतलं)

मासिकात किंवा दिवाळी अंकात कथेसोबत, बहुतेक वेळा पहिल्याच पानावर शीर्षकाला लागून येणारं चित्र. अंकात ह्या कामाचं श्रेय ‘सजावट’ ह्या शब्दाखाली देतात, तो शब्द तसा तोकडाच आहे, कारण चित्रकाराला आधी अख्खी कथा वाचून त्यातला नेमका कुठला क्षण धरायचा आणि शेवट फुटू द्यायचा नाही हे ठरवावं लागतं.

उगमाबद्दल एकमत नाही. काही जण रविवर्म्याच्या ओलिओग्राफकडे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांकडे बोट दाखवतात (त्याचा प्रेस १८९४ला मुंबईत सुरू झाला, मग मळवलीला गेला), म्हणजे नऊवारीतली, डोळे खाली घातलेली नायिका तिकडून आली असं. दुसरे म्हणतात की मुंबईच्या जे. जे. स्कूल ह्या कलाशाळेत शिकलेल्यांनी विलायती मासिकं बघून हे उचललं, आणि जे. जे.तच शिकलेले चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांचं काम बघितलं तर दोन्ही म्हणणी खरी वाटतात. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक सहसा पहिला धरतात, पण ‘मित्रोदय’च्या १९०५च्या अंकाचाही दावा सांगितला जातो. मात्र दिवाळी अंक पहिला कोणाचा आणि कथाचित्र पहिलं कोणाचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक ते एकत्र करतात. ह्या सगळ्यात ब्लॉकचा, म्हणजे चित्र छापायच्या धातूच्या ठशाचा मुद्दा जास्त वजनदार दिसतो, कारण चित्र कसं काढायचं हे बऱ्याच अंशी ब्लॉकच ठरवायचा.

लाइन ब्लॉक म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरलेलं चित्र, त्यात फक्त काळं आणि पांढरं, मधलं काही नाही. राखाडी छटा हवी असेल तर हाफटोन, म्हणजे जाळीतून फोटो काढून चित्राचे ठिपके करायचे, पण ते गुळगुळीत आर्ट पेपरवरच नीट उठतात, न्यूजप्रिंटवर शाई पसरून नुसता चिखल होतो. म्हणून साध्या पानावर ब्रशची ठसठशीत रेघ. चित्र छापायच्या मापापेक्षा मोठं काढायचं, लहान केलं की हाताची थरथर लपते, पण फार बारीक रेघा जवळजवळ मारल्या तर त्या बुजतात. कच्चं स्केच फिक्या निळ्या पेन्सिलीने करायचे, कारण ब्लॉकवाल्याच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसतच नाही, खोडायची कटकट नाही. आणि चुकलेल्या रेघेवर सरळ पांढरा रंग. मूळ चित्र हातात घेतलं तर असे पांढरे डाग दिसतात, छापलेल्यात त्यांचा मागमूस नसतो.

पुढे दोन नावं घराघरात पोचली, दोघंही गोव्याचे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची ताकद रेषेत, १९४५पासून स्वतःचा ‘दीपावली’ अंकही काढला. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची ओळख स्प्रेने उडवलेल्या मऊ छटांची, त्यामुळे ते मुखपृष्ठावर आणि रंगीत पानात जास्त खुलतात. दोघांत थोर कोण हा वाद जुनाच आहे, पण आतल्या साध्या पानांपुरतं बघितलं तर दलालांकडे झुकावं लागतं.

किर्लोस्करवाडीची वाट वेगळी होती, तिथे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतःच चित्रकार, त्यामुळे ‘किर्लोस्कर’ (१९२०), ‘स्त्री’ (१९३०) ह्यांत चित्राला पहिल्यापासून मान.

वसंत सरवटे (१९२७–२०१६) पेशाने इंजिनिअर, त्यांनी कथेतला प्रसंग जसाच्या तसा दाखवण्यापेक्षा त्यावर तिरकस टिप्पणी करणारं चित्र काढलं. ‘ललित’ मासिकातल्या विनोदी सदराचा ठणठणपाळ लिहिला जयवंत दळवींनी, पण तो दिसतो कसा हे सरवट्यांनी ठरवलं.