एमसीबी की आरसीसीबी: गॅरेजच्या बोर्डातले दोन जुळे

बोर्डाचं झाकण उघडलं की दोन पांढऱ्या डब्या शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींची रुंदी ३६ मिलिमीटर, दोन्हींना खालीवर होणारा खटका, दोन्हींवर अँपिअरचा आकडा. एक असतो डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी, म्हणजे मिनिएचर सर्किट ब्रेकर; दुसरा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर. बोलताना बरेच जण दोघांनाही एमसीबीच म्हणतात, जुने वायरमन आरसीसीबीला अजून ईएलसीबी म्हणतात, आणि दुकानात जाऊन नुसतं "चाळीसचा द्या" म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे ‘टी’ अक्षराचं छोटं बटण. ते आरसीसीबीवर असतं, साध्या एमसीबीवर नसतं.

घरात हा गोंधळ वर्षानुवर्षं खपून जातो. गाडीच्या शेडचं वर्कशॉप झालं की खपत नाही. कारखान्यांचं उद्यमनगर हाताशी असलेल्या कोल्हापुरात ग्राइंडर, ड्रिल, कॉम्प्रेसर जमायला वेळ लागत नाही. त्यात लोखंडी बॉडीची जुनी मशिनं असतात आणि जून ते सप्टेंबर शेडची फरशी धड वाळत नाही.

एमसीबी राखण करतो ती वायरीची. त्याच्या पोटात दोन यंत्रणा आहेत. एक दोन धातूंची पट्टी, जी जास्त लोडने हळूहळू तापून वाकते. दुसरी कॉइल, जी शॉर्टसर्किट झाल्याबरोबर खटका ओढते. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या पुढे काटा गेला की लगेच पडतो ही समजूत चुकीची आहे. १८ अँपिअरपर्यंत तो तासभर तसाच उभा राहू शकतो, २३ च्या पुढे मात्र तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. मधला पट्टा धूसर. ८५० वॅटचा ग्राइंडर (३.७ अँपिअर), एक एचपीचा कॉम्प्रेसर (साधारण ७) आणि २००० वॅटची हीट गन (८.७) एकाच लाइनवर चालवली तर बेरीज १९ च्या वर जाते. मग काम रंगात आलेलं असताना, अर्ध्यापाऊण तासाने एमसीबी पडतो आणि दोष मशीनला दिला जातो.

आकड्याआधीचं अक्षरही पाहायचं. ‘बी’ प्रकारचा एमसीबी ३ ते ५ पट करंटला झटक्यात उडतो, ‘सी’ प्रकारचा ५ ते १० पटीला. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, म्हणून वर्कशॉपला सी. कॉम्प्रेसर सुरू करताच बी पडतो, आणि त्यावर उपाय म्हणून कुणीतरी १६ काढून ३२ बसवतं. ही चूक सर्रास होते आणि सगळ्यात महाग पडते. भिंतीतली वायर २.५ स्क्वेअर मिलिमीटरचीच राहते. आता तिच्यातून २५-३० अँपिअर गेले तरी कोणी हटकत नाही, आणि पाइपात इन्सुलेशन मऊ पडत जातं.

आता माणसाकडे. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बॉडीत करंट उतरलेल्या ग्राइंडरला हात लागला. ओल्या शरीराचा रेझिस्टन्स ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून ०.२३ अँपिअर जातो, म्हणजे ६० वॅटचा पिवळा बल्ब ओढतो त्याहून किंचित कमी. जीव जायला तेवढा पुरतो. सी१६ एमसीबीच्या दृष्टीने मात्र एक बल्ब लागला, एवढंच झालं. तो पडणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

"पण अर्थिंग आहे की." असावंच. तरी हिशेब करून पाहा. काळ्या मातीत, ओलाव्यात अर्थिंग चांगलं धरतं, पण मुरूम-खडकावर बसवलेल्या घरात भर उन्हाळ्यात अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहमवर जाऊ शकतो. मग फेज बॉडीला टेकला तरी अर्थमधून ११.५ अँपिअरच जातात. १६ चा एमसीबी निवांत, बॉडी जिवंत.

आरसीसीबी हे सगळं वेगळ्याच पद्धतीने पाहतो. त्याच्या आत एका कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेला तेवढा करंट परत आला तर कडं शांत, कमी आला तर बाकीचा कुठेतरी गळतोय. ही तफावत ३० मिलिअँपिअर झाली की ०.३ सेकंदाच्या आत तो पडतो, कधीकधी २० मिलिअँपिअरलाच. इथे दुकानातली दुसरी फसगत होते. आरसीसीबीवरचा ४० हा आकडा तो किती करंट वाहू शकतो एवढंच सांगतो, त्याला तो पडत नाही. माणसासाठी पाहायचा आकडा ०.०३ अँपिअर. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आगीच्या धोक्यासाठी असतो, हातात मशीन धरणाऱ्यासाठी नव्हे.

आणि आरसीसीबीलाही सगळं दिसत नाही. ओव्हरलोड आणि फेज-न्यूट्रल शॉर्ट त्याला कळत नाही, कारण गेलेला करंट पुरा परत येतो. कोरड्या फळीवर उभं राहून एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तरी त्याच्या लेखी तो माणूस म्हणजे एक बल्बच. सॉकेटमधला ढिला स्क्रू तापून जळतो, तेव्हा तर दोघंही बघत बसतात.

गॅरेजसाठी बेताची मांडणी अशी. घरच्या बोर्डातून सी२५ डबल पोल एमसीबी, त्यापुढे ६ स्क्वेअर मिलिमीटरची कॉपर वायर गॅरेजपर्यंत. गॅरेजच्या डीबीत (तिथल्या वेगळ्या बोर्डात) आधी ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, त्याच्यानंतर एमसीबी: दिव्यांना सी६ व १.५ ची वायर, टेबलावरच्या सॉकेटना सी१६ व २.५ ची, कॉम्प्रेसरला स्वतंत्र सी२० व ४ ची. आरसीसीबीचा ४० हा मागच्या २५ पेक्षा मोठा ठेवायचा, म्हणजे तो स्वतः जळत नाही. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन वापरणार असाल तर ‘एसी’ टाइपऐवजी ‘ए’ टाइपचा आरसीसीबी घ्या, आणि मशीनवर लिहिलेला इनपुट करंट आधी वाचा. मोठी मशिनं या मांडणीत बसत नाहीत. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी अशा २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या भागात डीबी आणि सॉकेट पाण्याच्या खुणेच्या वर चढवा, वायर वरून खाली आणा. टी बटण महिन्यातून एकदा दाबायचं. त्याने आरसीसीबी चालतो हे कळतं, अर्थिंग चांगलं आहे की नाही हे कळत नाही.

नवा आरसीसीबी लागला की तक्रार हमखास येते: "सारखा पडतो." काढून टाकायची घाई नको. गॅरेजच्या एखाद्या दिव्याचा न्यूट्रल वायरमनने घरच्या न्यूट्रल पट्टीवरून घेतला असेल, तर दिवा लावताच आरसीसीबी पडणार. गॅरेजचे सगळे न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या स्वतंत्र पट्टीवरच हवेत. बाकी शोध असा: सगळे एमसीबी पाडा, सगळ्या पिना काढा, आरसीसीबीचा खटका वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याने पडला त्या लाइनवर गळती. सगळे एमसीबी खाली असूनही पडत असेल, तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. घरात गिझर लावला आणि गॅरेजचा आरसीसीबी पडला, तरी संशय गॅरेजच्या अर्थला टेकलेल्या न्यूट्रलवरच घ्यायचा. अशा वेळी मेन बंद करून गॅरेजच्या पट्टीवरचे न्यूट्रल एकेक करून सोडवा, प्रत्येकानंतर मेन पुन्हा चालू करून पाहा. बहुतेकदा दोषी निघतो तो जुन्या सॉकेटच्या मागचा, स्क्रूखाली चेपलेला एखादा तार-तुकडा.