'बस स्टॉप': मन्रोच्या आधीची बर्फाची रात्र

'बस स्टॉप' (१९५६) हा चित्रपट म्हटलं की मेरिलिन मन्रो आठवते. पण बर्फामुळे एका छपराखाली अडकलेल्या अनोळखी माणसांची ही गोष्ट मूळची नाटककार विल्यम इंजची, आणि त्यात नायिकेइतकंच बाकीच्यांनाही महत्त्व होतं.

इंज कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्स गावचा, जन्म १९१३. आई घरात भाडेकरू ठेवायची, त्यामुळे परक्या माणसांची एकटेपणं त्याने लहानपणापासून जवळून पाहिली. त्याच्या 'पिकनिक' या नाटकाला १९५३चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. 'पीपल इन द विंड' ही आपली एकांकिका वाढवून त्याने 'बस स्टॉप' लिहिलं आणि मार्च १९५५मध्ये ते ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं. कॅन्सस सिटीच्या पश्चिमेकडचं छोटं गाव, ग्रेसचं कोपऱ्यावरचं रेस्टॉरंट, पुढे रस्ता बंद. पहाटेपर्यंत बस हलणार नाही. नाइटक्लबात गाणारी शेरी, तिला जबरदस्तीने लग्नाला घेऊन निघालेला तरणाबांड काउबॉय बो, त्याला सांभाळणारा व्हर्जिल आणि दारूत बुडालेला प्राध्यापक डॉ. लायमन असे चार प्रवासी तिथे रात्र काढतात.

पटकथाकार जॉर्ज अ‍ॅक्सलरॉडने नाटक त्या खोलीबाहेर काढलं. चित्रपटाचा बराच भाग फिनिक्स शहरात, रोडिओच्या (काउबॉयांच्या स्पर्धांच्या) गर्दीत घडतो. बर्फ येतो तो उत्तरार्धात. दिग्दर्शक जोशुआ लोगन. ब्रॉडवेवरचं 'पिकनिक'ही त्याचंच. मन्रो तेव्हा हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला गेली होती, ली स्ट्रासबर्गकडे अभिनय शिकत होती. फॉक्स स्टुडिओशी भांडून मिळवलेल्या नव्या करारातला हा तिचा पहिला चित्रपट. तिची शेरी रात्री जागते, दिवसा झोपते, तिला ऊन कुठून लागणार, म्हणून मन्रोने चेहऱ्याला खडूसारखा फिका मेकअप लावला. झगमगीत पोशाखही नाकारले. तिच्या कामाची खरी ताकद अशा निवडीत आहे.

पण चित्रपटातून लायमनला वगळलं हे मला फार खुपतं. नाटकात तो वेट्रेस एल्माबरोबर रोमिओ-ज्युलिएटचा प्रवेश करायला उभा राहतो आणि मध्येच कोसळतो; स्वतःची लाज त्याला त्या क्षणी कळते. तो नसल्यामुळे चित्रपटातली रात्र एका जोडप्याची होऊन बसते. बो याला वठणीवर आणणारा शेरीफ (गावचा पोलीस अधिकारी) हाही गाळला, ते काम बसच्या ड्रायव्हरकडे गेलं. व्हर्जिलचा शेवट मात्र बदलला नाही. बो आणि शेरी बसने पुढे जातात, तो मागे राहतो.