भूत घरी करा, कोट आमच्याकडून न्या
हॅलोविनसाठी सोंग काढणाऱ्या मोठ्या मंडळींना माहिती

दसरा झाला की कोल्हापुरातल्या आमच्या भाड्याच्या वेशांच्या दुकानात, काउंटरवर एक प्रश्न सुरू होतो, "काका, हॅलोविनचं काय हाय का?" पूर्वी एखादाच माणूस विचारायचा. आता ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा निम्मा त्यातच जातो. कॉलेजचे ग्रुप येतात, ऑफिसातली मंडळी येतात, नागाळा पार्क-ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटमधली जोडपी येतात. मोबाईलवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, "अस्संच्या अस्सं पायजे." फोटोतला ड्रेस ऑनलाइन चार-पाच हजारांना असतो. एका रात्रीसाठी एवढे पैसे घालू नका, हे आम्ही दुकानदार असूनही सांगतो. म्हणूनच हा कागद छापला आहे.

आधी एक समजून घ्या. हॅलोविन ३१ ऑक्टोबरच्या रात्री असतं. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याच्या आदली ही संध्याकाळ. त्याच्याही मागे आयर्लंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांचा सुगी संपल्यावरचा सण आहे. त्या रात्री मेलेली माणसं परत येतात, त्यांनी आपल्याला ओळखू नये म्हणून तोंड झाकायचं, वेश बदलायचा, अशी समजूत. भोपळा कोरायची पद्धत तर तिकडची माणसं अमेरिकेत गेल्यावरची. आयर्लंडमध्ये सलगम कोरायचे. म्हणजे सोंगाचा मूळ हेतू ओळखू न येणं हा आहे, भारी ड्रेस हा नाही. ओळखू न येण्याचं काम घरातल्या जुन्या सामानात निम्म्याहून जास्त होतं. उरलेल्याला आमच्याकडे या.

आमचा सल्ला एका ओळीत : फाटकं, मळकं, रक्ताळलेलं जे काही असेल ते घरच्या जुन्या कपड्यांतून करा, आणि जे घरी होत नाही, म्हणजे कोट, झगा, विग, मुखवटा, नऊवारी, फेटा, ते भाड्याने न्या. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की तुमचंही नुकसान आणि आमचंही.

रक्ताबद्दल

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाड्याच्या कपड्यावर रक्त लावू नका. थेंबभरही नको.

दोन वर्षांमागे एका ग्राहकाने इंग्रज सायबाचा पांढरा कोट नेला होता. चांगला जाड ड्रिलचा, पितळी बटणांचा, आमच्या वडिलांनी शिवून घेतलेला. ग्लिसरिनमध्ये खाण्याचा लाल रंग कालवून त्याने छातीवर ओतला. पार्टीत सोंग गाजलं असेल. घरी गेल्यावर त्याला वाईट वाटलं आणि त्याने चांगल्या मनाने कोट गरम पाण्यात साबण लावून चोळून धुतला, वर इस्त्रीही केली. आला तेव्हा कोटाची सगळी पुढची बाजू गुलाबी झाली होती. कोरडा डाग असता तर आम्ही थंड पाण्यात भिजवून बराचसा काढला असता. गरम पाणी आणि इस्त्री लागल्यावर रंग सुतात मुरतो, मग धोबीही हात टेकतो. डिसेंबरात तोच कोट एका शाळेच्या गॅदरिंगसाठी बुक होता. मुलांना ऐनवेळी दुसरा, ढगळा कोट द्यावा लागला.

तेव्हापासून पांढऱ्या कपड्यांचं डिपॉझिट आम्ही दुप्पट केलं. काही जणांना ते खटकतं. पण एक कोट शिवायला आज किती लागतात ते कुठल्याही टेलरला विचारा. आणि तोच कोट वर्षभर शाळांना, नाटकवाल्यांना, पथनाट्यवाल्यांना कमी भाड्यात जातो. तो टिकला तरच भाडं कमी राहतं. कपडा स्वच्छ आला की डिपॉझिट तिथल्या तिथे हातावर परत मिळतं.

मग रक्त दाखवायचं कसं? मांजरपाटाचा तुकडा घ्या, मोठ्या रुमालाएवढा. त्यावर लाल फॅब्रिक कलरमध्ये थोडा तपकिरी आणि नखभर काळा मिसळून शिंतोडे मारा. नुसता लाल लावला तर रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसतं. वाळलेलं रक्त तपकिरीकडेच झुकतं. आदल्या दिवशी करून वाळवा. वाळलेला रंग ना कोटाला लागतो, ना मित्राच्या गाडीच्या सीटला. मग तो तुकडा कोटाच्या आतून शर्टवर, नाहीतर गळ्याशी सेफ्टी पिनने लावा. बटणं उघडी ठेवली की आतून रक्त झिरपल्यासारखं दिसतं, आणि ते वरून ओतलेल्या रक्तापेक्षा जास्त अंगावर येतं. आम्ही इचलकरंजीचा मांजरपाट आणून असे तयार तुकडे ठेवतो, ऐंशी रुपयांना दोन. घरी केलेत तरी आमची काही हरकत नाही.

कुंकू, हळद, शेंदूर यातलं काही वापरू नका. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरच्या बायकांना माहीत असतं, पार्टीला जाणाऱ्या पोरांना नसतं. शेंदरात शिसं असू शकतं, तो तोंडाला, ओठाला लावायचा पदार्थच नाही. चेहऱ्यावर जखम हवी असेल तर चमचाभर व्हॅसलीनमध्ये बसेल तेवढा मैदा मळून घट्ट लगदा करा, गालावर थापा, कडा बोटाने पातळ करा आणि मधोमध चमच्याच्या दांड्याने चीर पाडा. चिरेत थोडं काजळ, थोडी लिपस्टिक. पंधरा मिनिटांचं काम. रात्री खोबरेल तेलाने पुसून काढा.

आता सोंगं

ड्रॅक्युला दरवर्षी आठ-दहा जण मागतात आणि झगे आमच्याकडे चारच आहेत. म्हणून दुसरी वाट सुचवतो, आपल्याच भुतांची. आपल्याकडे भुतांची काही कमी नाही.

आमचं आवडतं सोंग चकव्याचं. रात्री शिवारात वाट चुकवतो, माणूस फिरफिरून त्याच बांधावर येतो, तो चकवा. त्याला रूप असं नाहीच, म्हणून सोंग काढायला मोकळीक. घरचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट उलटा घाला, बटणं पाठीवर येतील असा. आमच्याकडून लांब केसांचा विग न्या आणि केस मागे सोडण्याऐवजी तोंडावर सोडा. डोक्याच्या मागच्या बाजूला साधा मुखवटा बांधा. झालं. समोरून बघणाऱ्याला पाठ दिसते, पाठीमागून बघणाऱ्याला तोंड. हातात बॅटरीवरचा कंदील धरा आणि अधूनमधून चार पावलं उलटी चाला. विग आणि मुखवटा मिळून दीडशे रुपये भाडं. गेल्या वर्षी एका ताईंनी हे काढलं, आणि त्या आल्या की निघाल्या हेच कुणाला कळेना, असं त्यांच्यासोबतच्या मंडळींनी येऊन सांगितलं.

हडळ करायची तर सगळा जीव पायांत आहे. उलटे पाय दिसले नाहीत तर ती नुसती केस सोडलेली बाई. जुने कॅनव्हासचे बूट घ्या, पुढचा चवडा कापा, त्यात चिंध्या भरा आणि तुमच्या सपाट चपलेच्या टाचेला मागच्या बाजूने दाभणाने शिवून टाका. पुढची बोटं लुगड्याच्या घोळात झाकली जातील एवढी साडी खाली नेसा. घरात दहा मिनिटं चालून बघा, जिना चढून बघा. साडी घरची जुनी असेल तर उत्तम. नसेल तर आमच्याकडे हिरव्या आणि पांढऱ्या नऊवारी आहेत, शिवलेल्याही आहेत, परकरासारख्या चढवता येतात.

पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे कोल्हापुरात मोडकी छत्री नाही असं घर नसेल. ती टाकू नका. दांडा काढा, काळं कापड बरोबर मध्यावर, दोन काड्यांच्या मधून कापा. दोन अर्धगोल निघतील. एकेक अर्धा काळ्या टी-शर्टच्या बाहीला वरच्या काडीने शिवा, हात वर केला की पंख उघडतो. वटवाघूळ तयार. काड्यांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका, गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागेल. पैसे जवळजवळ शून्य. आमच्याकडून काही न्यायची गरजच नाही, वाटल्यास कानांची पट्टी न्या, तीस रुपये.

मम्मीसाठी मेडिकलमधून बँडेजचे रोल आणणारे खूप. खर्च होतो आणि पहिल्या तासातच सगळं सुटून पायात येतं. त्यापेक्षा जुनी सुती चादर फाडा. कात्रीने कापू नका, फाडा, म्हणजे कडेचे धागे लोंबतात. तीन-चार बोटं रुंदीच्या पट्ट्या चहा पूड उकळलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून वाळवा. अंगाला गुंडाळण्याऐवजी जुन्या बनियनला आणि पायजम्याला टाके घालून लावा. बाथरूमला जावं लागतं, हे सोंग ठरवताना कुणाच्या ध्यानातच येत नाही.

कोल्हापूरकरांनीच काढावं असं एक सोंग सांगतो : जुन्या बोलपटातून उतरून आलेला माणूस. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथेच सुरू झाली, त्याच्याही आधी बाबुराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. कृष्णधवल पडद्यावरचा माणूस अंगावर एकही रंग नसलेला असतो, तेच करायचं. राखाडी कोट, पांढरं धोतर, काळी टोपी आमच्याकडून. चेहरा, कान, मान, हात, सगळं राखाडी पॅनकेकने, म्हणजे नाटकवाले तोंडाला लावतात त्या रंगाने, रंगवायचं, ओठ काळपट, भुवया काळ्या. हात विसरले तर सगळं फसतं. रंगीत दिव्यांत, रंगीत कपड्यांच्या गर्दीत असा माणूस शांतपणे उभा राहिला की बघणाऱ्याला आधी काय चुकतंय तेच कळत नाही. नवरा-बायकोने जोडीने काढलं तर फारच देखणं होतं. फक्त पॅनकेक कॉलरला लागतो, म्हणून आम्ही आतून रुमाल लावून देतो. तो काढू नका.

बुजगावणंही सोपं : जुना सदरा, गोणपाट, पिंजराच्या, म्हणजे भाताच्या काडाच्या, पेंढ्या. उसाचा पाला घेऊ नका, त्याची पात हाताला कापते. आणि पिंजर असो की नायलॉनचा विग, पणती, मेणबत्ती, फटाका यांपासून लांब राहा. काही वर्षी हा दिवस दिवाळीतच येतो. २०२४ ला ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या गावाने पाहिलं. आमचे कपडे कितीतरी वर्षं त्या रंगमंचावर गेले. त्यामुळे आगीच्या बाबतीत आम्ही दोनदा सांगतो, राग मानू नका.

जे आम्ही देत नाही

देवदेवतांचे, संतांचे आणि महाराजांच्या काळातले वेश हॅलोविनसाठी मिळणार नाहीत. पोतराज, वासुदेव, गोंधळी हेही नाही. ते सोंग नव्हे, ती कुणाची तरी सेवा आहे, पोट आहे. जास्त भाडं देतो म्हणून आग्रह करणारे भेटतात. उत्तर बदलत नाही. शाळेच्या कार्यक्रमाला, नाटकाला, मिरवणुकीला हेच कपडे आम्ही आनंदाने देतो.

नेताना, आणताना

झगा किंवा नऊवारी घालून दुचाकीवर बसू नका. चाकात कापड जातं. पिशवीतून न्या, तिथे जाऊन घाला. मुखवटा लावून गाडी तर मुळीच चालवू नका.

दाढी-मिशा स्पिरिट गमने, म्हणजे नाटकातल्या चिकटवायच्या डिंकाने, लावून देतो. ओढून काढू नका, कातडी सोलते आणि मिशीची जाळीही फाटते. तेलाचा बोळा कडेने फिरवा, आपोआप सुटते. रंग लावण्याआधी कोपराच्या आत थोडा लावून अर्धा तास थांबा, खाज आली तर तो रंग तुमच्यासाठी नाही.

इतकं सांभाळूनही कपड्यावर डाग पडलाच, तर धुऊ नका, पुसू नका, इस्त्री करू नका. तसाच, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी आणा आणि कशाचा आहे ते खरं सांगा. रस्सा असेल तर रस्सा म्हणा. खरं सांगणाऱ्याकडून आम्ही फक्त धुलाई घेतो, दंड घेत नाही.

३१ तारखेच्या संध्याकाळी येऊन मनासारखं मिळत नाही. बेचाळीस मापाच्या पुढचे कोट आधीच गेलेले असतात. आठवडाभर आधी, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान या, तेव्हा गर्दी नसते आणि उसवून-आवळून द्यायला कारागीर मोकळा असतो. येताना त्या रात्री पायात जे घालणार ते घेऊन या, पँटची आणि नऊवारीची लांबी त्यावरच ठरते.