पार्श्वभूमी : पी-53 आणि पहिल्या दहा वर्षांचे वर्गीकरण

ट्यूमर सप्रेसर, म्हणजे कर्करोगाची गाठ रोखणाऱ्या, प्रथिनांवर 1980च्या आसपास काम सुरू केलेल्या जीवशास्त्रज्ञाची कारकीर्द पाहताना एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. पी-53 हे आज या गटातील सर्वाधिक अभ्यासलेले प्रथिन आहे, पण त्या काळात ते कर्करोग रोखणारे नव्हे, तर घडवणारे मानले जात होते. खानदेशातील वाचकाने ही हकिगत मुळापासून समजून घेण्यास आणखी एक कारण आहे : तिचा एक धागा भुईमूग आणि मका या इथल्याच पिकांपर्यंत येतो.

जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर गाठ तयार होते, हा तर्क डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगावरून 1971 साली मांडला गेला आणि 1986 साली ते जनुक हाती लागले. पी-53 मात्र या वाटेने आले नाही. 1979 साली लंडन, पॅरिसचा परिसर आणि अमेरिका येथील प्रयोगशाळांना ते स्वतंत्रपणे आढळले, आणि त्यांपैकी बहुतेकांना ते एका माकड-विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले मिळाले. विषाणू पेशीला कर्करोगग्रस्त करतो आणि हे प्रथिन त्याच्या सोबत सापडते, म्हणजे ते त्याचे साथीदार असणार, असा निष्कर्ष निघणे त्या वेळी स्वाभाविक होते.

1984 साली या निष्कर्षाला प्रयोगाचा आधार मिळाला. पी-53चे जनुक ‘रास’ या दुसऱ्या जनुकासोबत उंदरांच्या भ्रूणपेशींत घातले असता पेशी अनिर्बंध वाढू लागल्या, आणि पी-53ची नोंद कर्करोगजनक जनुकांत झाली. हा निर्णय घाईचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण विरोधी पुरावा त्याच सुमारास समोर होता. रक्ताच्या कर्करोगाच्या काही पेशींत हे जनुक मोडलेले किंवा पूर्णपणे नाहीसे झालेले आढळत होते; जे जनुक कर्करोग घडवते, ते कर्करोगाच्याच पेशीतून नाहीसे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नव्हते. शिवाय एका प्रयोगशाळेकडील जनुकाची प्रत रूपांतराच्या, म्हणजे निरोगी पेशी कर्करोगी होते का हे पाहण्याच्या, चाचणीत काही केल्या काम करीत नव्हती. अशा वेळी दोष प्रयोगाच्या हाताळणीत असावा, असे समजले जाते. निरनिराळ्या प्रयोगशाळांकडील प्रतींचे क्रम ओळीला ओळ लावून तपासले गेले, तेव्हा 135व्या स्थानी एका प्रतीत अ‍ॅलानीन, तर दुसरीत व्हॅलीन ही वेगळी अमिनो आम्ले (प्रथिनाचे घटक) असल्याचे दिसले. काम न करणारी प्रत निरोगी होती आणि ‘यशस्वी’ ठरलेल्या प्रती गाठींच्या पेशींतून घेतलेल्या, बिघडलेल्या होत्या. 1989 साली निरोगी प्रत पेशींचे रूपांतर उलट थोपवते हे सिद्ध झाले, आणि त्याच वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात 17व्या गुणसूत्रावरील या जनुकाची एक प्रत गळालेली व दुसरी बिघडलेली असल्याचे आढळले. नकारात्मक निकालाला आरंभीच योग्य वजन दिले गेले असते, तर त्या पिढीची काही वर्षे वाचली असती.

पुढचा प्रवास वेगाने झाला. 1990 साली कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगप्रवृत्तीचे मूळ याच जनुकात सापडले; गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू हे प्रथिन पेशीतच नष्ट करवतो हेही त्याच वर्षी कळले. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हे जनुक बिघडलेले असते. तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगात तो बिघाड वारंवार दिसतो, त्यामुळे 2012च्या गुटखाबंदीची अंमलबजावणी किती कडक असावी, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या टपऱ्यांवर केवळ कायद्याचा राहत नाही.

1991 साली चीनचा पूर्व किनारा आणि दक्षिण आफ्रिका येथील यकृताच्या कर्करोगांत 249व्या स्थानी एकच ठरावीक बदल पुन्हा पुन्हा आढळला : एजीजी या डीएनएच्या तीन अक्षरांतील शेवटच्या ‘जी’च्या जागी ‘टी’. त्यामागे अ‍ॅफ्लाटॉक्सिन, म्हणजे ओलसर शेंगदाण्यांवर आणि मक्यावर वाढणाऱ्या पिवळसर-हिरव्या बुरशीचे विष, असल्याचे पुढे दृढ झाले. यकृताला हिपॅटायटिस बी जडलेला असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. खानदेशाशेजारच्या पट्ट्याला हे विष अनोळखी नाही. 1974 साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानमधील बांसवाडा या आदिवासीबहुल जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरहून अधिक माणसे दगावली. ती तीव्र विषबाधा होती, कर्करोग नव्हे. पण अल्प मात्रेत वर्षानुवर्षे पोटात जाणारे तेच विष पी-53वर घाला घालते, आणि भाजल्याने किंवा भाकरी केल्याने ते पूर्णपणे जात नाही. काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की खळ्यावरच्या कणसांचा ढीग ताडपत्रीखाली दमट राहतो, आणि वरचे दाणे कोरडे दिसले तरी तळाच्या कणसांच्या टोकांशी बुरशी धरते. असा माल वेगळा काढून टाकणे आणि उरलेला नीट वाळवूनच कोठीत भरणे, एवढी खबरदारी शेतकऱ्याच्या हाती आहे. यकृताच्या बाजूने विचार करता, बाळाला जन्मताच हिपॅटायटिस बीची लस मिळणे हा तिचा दुसरा भाग आहे.